चव्हाट्यावर ठरलेले गुपित

वर्गात सांकेतिक चिठ्ठ्या पाठवणारी मुले आम्हा मास्तरांना सहसा एकाच वेळी सापडतात : लिपीची किल्ली एकमेकांना सांगताना. राजेरजवाड्यांचीही तीच अडचण. लिपी कितीही अवघड असो, किल्ली अगोदर विश्वासू जासुदाहाती पोचवावी लागे. जासूद फितला की सारे मुसळ केरात! हे असेच चालायचे, असे शतकानुशतके सर्वांनी गृहीत धरले होते.

इंग्लंडात चेल्टनहॅम येथील सरकारी गुप्तसंदेश खात्यात जेम्स एलिस नावाचे गृहस्थ होते. महायुद्धाच्या काळातला एका अमेरिकन टेलिफोन कंपनीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. युक्ती अशी, की ऐकणाऱ्यानेच तारेत गोंगाट सोडावा आणि मग आपला गोंगाट वजा करून बोलणे ऐकावे. म्हणजे बोलणाऱ्याला किल्ली ठाऊक असण्याचे कारणच नाही! लेखी संदेशालाही हे साधेल, असे एलिसना एके रात्री अंथरुणात पडल्यापडल्या उमगले. १९७० साली त्यांनी तसे लिहून दिले. पण ते पडले इंजिनियर, त्यामागचे गणित त्यांना सापडेना. ते १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स या तरुणाला सापडले. आणि कॉक्सची चूक काढायला बसलेल्या माल्कम विल्यमसनना १९७४ मध्ये, चुकीऐवजी, उघड्यावर किल्ली ठरवण्याची रीतच गवसली.

मला ती पाटीवर करून पाहिल्याशिवाय पटली नाही. दोघांनी सर्वांदेखत २ आणि ११ हे आकडे ठरवावेत. एकाने मनात ३ धरावे. २ चा तिसरा घात ८, तो मोठ्याने सांगावा. दुसऱ्याने मनात ४ धरावे. २ चा चौथा घात १६, त्याला ११ ने भागून बाकी ५, ती सांगावी. आता पहिल्याने ५ चा घन करावा : १२५, ११ ने भागून बाकी ४. दुसऱ्याने ८ चा चौथा घात करावा : ४०९६, बाकी पुन्हा ४! हा ४ कोणी उच्चारलाच नाही. चोरून ऐकणारा एवढ्याशा आकड्यांत तो चाचपून काढील. पण ११ च्या जागी शेकडो अंकांची, नीट पारखलेली मूळ संख्या घेतली, तर मनातला आकडा हुडकण्याची झटपट रीत आजच्या नेहमीच्या संगणकांपाशीही नाही. (पलीकडे बोलणारा खरा तोच की कोणी तोतया, हे मात्र या रीतीने कळत नाही.) फोनवरून बँकेचा व्यवहार करताना आज याच जातीची रीत वापरली जाते.

चेल्टनहॅमने हे सारे कुलपात ठेवले. तिकडे अमेरिकेत राल्फ मर्कल हा विद्यार्थी आपल्या वाटेने त्याच विचाराशी पोचला होता. आणि व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी हीच रीत स्वतंत्रपणे शोधून नोव्हेंबर १९७६ मध्ये छापलीही. जगभर त्यांचे नाव झाले. एलिस गप्प.

१९८२ साली कुणकुण लागून डिफी खुद्द एलिसना भेटायला गेले. खोदून खोदून विचारले. तुम्ही लोकांनी त्याचे आमच्यापेक्षा पुष्कळच अधिक केलेत, एवढेच एलिसनी सुचवले आणि विषय मिटवला. गणित बाजूला ठेवून मी कितीदा तरी या भेटीशीच घोटाळतो. त्या एका वाक्यात त्या माणसाने काय काय गिळले असेल!

१९८७ साली एलिसनी सारी हकीकत लिहून काढली. तीही कुलपातच गेली. डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने ती खुली केली आणि कॉक्सनी भर सभेत ही कथा सांगितली. एलिस आदल्याच महिन्यात, २५ नोव्हेंबरला, वारले होते.