फिल्टर बदलला की गाडी पळते?

गाड्यांच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतं. "कंपनीचा फिल्टर काढ, आफ्टरमार्केट टाक, मग पिकअप बघ!" पहिली नोकरी, पहिली गाडी, पहिलाच ईएमआय, आणि वर काही हजारांत गाडी जास्त पळणार म्हटल्यावर मोह कोणाला होणार नाही? पण मंडळी, हे वाक्य आलं कुठून ते बघितलं तर त्यात किती दम आहे हेही कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना फिल्टर नावाची भानगडच नव्हती. हवेबरोबर धूळ सरळ इंजिनात जायची आणि पिस्टन, रिंगा, सिलिंडर सगळं घासून काढायची. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाचा एक ट्रॅक्टर विकणारा माणूस होता. धुळीनं इंजिनं खलास होताना पाहून त्यानं 1915 मध्ये एअर क्लीनर बनवला, आणि त्याची कंपनी आजही फिल्टरच बनवते. पुढे ऑइल बाथ आले (आपल्याकडच्या जुन्या जीपना असायचे तेच, तळाशी तेल आणि धूळ त्यात चिकटून बसायची) आणि मग घड्या घातलेले कागदी फिल्टर. थोडक्यात, फिल्टर जन्माला आला तो इंजिन जगवायला.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांनी स्पिटफायर विमानांना वोक्स कंपनीचे मोठे फिल्टर लावले. इंजिनं वाचली, पण विमानांचा वेग घटला. मग इजिप्तमधल्या अबुकीर इथल्या वर्कशॉपने आटोपशीर फिल्टर बनवला. म्हणजे फिल्टरमुळे वेगात फरक पडतो ही गोष्ट खोटी नाही. वाळवंटातल्या शर्यतींनाही तेच लागू. कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकात तेल लावलेल्या सुती कापडाचे, धुऊन परत वापरता येणारे फिल्टर पुढे आले. के अँड एन हे नाव तिथलंच. इंजिन सतत फुल्ल थ्रॉटलवर चालवणाऱ्यांसाठी ती कामाची वस्तू होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. 1985 मध्ये औरंगाबादजवळ (आजचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. तो जमाना कार्ब्युरेटरचा. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100 आली आणि गल्लोगल्ली 'ट्यूनिंग' करणारे मेकॅनिक नावारूपाला आले. कार्ब्युरेटरला किती हवा आली याचा आकडा कळत नाही. हवा जाताना जी ओढ तयार होते त्या ओढीनं पेट्रोल खेचलं जातं, बस. फिल्टर तुंबला की बऱ्याच गाड्यांत ओढ वाढायची, पेट्रोल जास्त जायचं, ॲव्हरेज पडायचं आणि प्लग काळा व्हायचा. फिल्टर बदलला की गाडी खरोखर सुधारायची! जास्त मोकळा फिल्टर टाकला तर जेटही बदलावा लागायचा. जाणकार मेकॅनिक तो बदलायचा, बाकीचे नुसता आवाज वाढवून द्यायचे. "फिल्टर बदल, गाडी पळेल" हा सल्ला त्या काळातला, आणि त्या काळापुरता बऱ्यापैकी खरा.

मग 2001 मध्ये याच शहराच्या दुसऱ्या बाजूला, शेंद्र्याला, स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. त्याच सुमारास साध्या मारुती 800 मध्येही इंजेक्शन आलं. आता सेन्सर येणारी हवा मोजतात आणि कॉम्प्युटर त्या हिशेबानं इंधन देतो. फिल्टर थोडा तुंबला तर हवा कमी, म्हणून पेट्रोलही कमी. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं 2009 मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. मात्र तुंबलेला काढून नवा टाकल्यावर ॲक्सिलरेशन 6 ते 11 टक्के सुधारलं. नीट वाचा, तुलना तुंबलेल्याची नव्याशी आहे, साध्या नव्याची महागड्या नव्याशी नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. कोड केव्हाच बदललाय, वरची कॉमेंट मात्र जुनीच!

आता थोडं गणित. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 1013 मिलिबार. आपलं शहर साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून इथे तो 950 च्या आसपास. म्हणजे मुंबईहून इथे आलेल्या बिनटर्बोच्या गाडीची पाच-सहा टक्के ताकद नुसत्या उंचीनंच जाते. चांगला कागदी फिल्टर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर खातो साधारण 10-20 मिलिबार. तो अजिबात काढून टाकला तरी 100 हॉर्सपॉवरच्या गाडीत एखाद-दोन हॉर्सपॉवर वाढणार. आणि तुम्ही सिग्नल ते सिग्नल चालवताना पेट्रोल गाडीत खरा अडथळा असतो अर्धवट उघडा थ्रॉटल. बॉटलनेक एकीकडे आणि ऑप्टिमायझेशन भलतीकडे!

बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर तर कधीकधी उलटाच पडतो. तो इंजिनजवळची गरम हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की ती सुमारे 3 टक्के विरळ होते. मराठवाड्यातला मे महिना आठवा आणि हिशेब करा.

मग लोकांना फरक जाणवतो कसा? कानांनी. एअरबॉक्स हवा ओढण्याचा आवाज दाबतो, तो काढला की इंजिन गुरगुरतं आणि गाडी पळतेय असं वाटतं. आवाज आवडत असेल तर खुशाल घ्या, पण आवाजाचे पैसे देतोय हे लक्षात ठेवून. टर्बो गाडीत रिमॅप करून ताकद वाढवली असेल आणि जास्त हवा लागत असेल, तर मोठा इनटेक कामाला येऊ शकतो. पण तिथेही मोठा वाटा रिमॅपचाच.

खरा प्रश्न धुळीचा आहे. खोदलेले रस्ते, बांधकामं, उन्हाळ्यातली वावटळ... मोकळ्या फिल्टरमधून जास्तीची धूळ गेली तर लगेच काही कळत नाही. कळतं ते काही वर्षांनी, इंजिन तेल प्यायला लागल्यावर. कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसू शकतो, तो त्रास वेगळाच.

तेव्हा कंपनीचा साधा कागदी फिल्टर वेळेवर बदला, आणि धुळीत फार फिरत असाल तर थोडा आधीच. उरलेल्या पैशांत टायर चांगले घ्या, वेग आणि ब्रेक दोन्हींचा विश्वास वाढेल. शंभर वर्षांपूर्वी फिल्टरला दिलेलं काम अजून तेच आहे. ते त्याला करू द्या.