पंपाची बॅटरी वापरून नाही, ठेवून मरते. उन्हाळ्यात एलएफपी बॅटरी सांभाळायची कशी?

हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की पाठीवरचा बॅटरी पंप धुवून कोपऱ्यात जातो, तो निघतो थेट जूनमध्ये. मधल्या तीन-चार महिन्यांत त्याला कोणी हात लावत नाही. मग कपाशीच्या पहिल्या फवारणीला बटण दाबलं की पंप गप्प. बॅटरी गेली, नवी टाका, असं दुकानात सांगतात. ऐन हंगामात हा खर्च अंगावर येतो आणि दोन दिवस फवारणी लांबते ती वेगळीच.

फवारणी पंप, झटका मशीन, सौर दिवे यांत आता शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी येऊ लागली आहे. वजनाला हलकी, पाणी टाकायची भानगड नाही, आणि माल चांगला असेल तर दोन हजारांच्या वर चार्जिंग सहज निघतात. ही जात 1997 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून जगापुढे आली. जॉन गुडइनफ यांच्याबरोबर त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी 2019 मध्ये नोबेल मिळालं.

आधी लेबल वाचा

लिथियम म्हटलं की सगळ्या बॅटऱ्या सारख्या, असा गैरसमज आहे. लेबलवर 12.8 व्होल्ट लिहिलं असेल तर ती एलएफपी. 11.1 किंवा 10.8 व्होल्ट असेल तर ती दुसऱ्या जातीची, जास्त लवकर पेट घेणारी. एलएफपीचा चार्जर 14.6 व्होल्टचा असतो, त्या दुसरीचा 12.6 चा. पिन मात्र दोन्हीची बरेचदा सारखीच. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणताना हीच गफलत होते. 14.6 चा चार्जर 11.1 च्या बॅटरीला लागला आणि आतलं संरक्षण सर्किट हलक्या प्रतीचं असेल, तर बॅटरी फुगून पेटू शकते. चार्जरवर पेंटने पंपाचं नाव टाकून ठेवलं तर घोळच होत नाही.

भरून नको, रिकामी तर नकोच

शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची असते, ती सवय इथे चालत नाही. एलएफपी ठेवताना साधारण निम्मी भरलेली हवी. मीटरची गरज नाही. एका चार्जिंगमध्ये जितक्या टाक्या निघतात त्याच्या निम्म्या साध्या पाण्याच्या मारायच्या, नळी-नोझलही धुऊन निघतात. मीटर असेल तर बॅटरी तासभर आराम करू द्यावी आणि मग मोजावी, 13.1 ते 13.2 व्होल्टच्या आसपास आकडा यावा. इथे एक फसगत सांगायला हवी. शिशाची बॅटरी 12.6 दाखवते तेव्हा ती भरलेली असते, पण एलएफपी 12.6 दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी आहे. गावातले जुने मेकॅनिक बरेचदा याच आकड्यावर फसतात.

रिकामी ठेवल्याने नेमकं काय होतं? बॅटरी महिन्याला दोन-तीन टक्के आपोआप उतरते. त्यातून आतलं संरक्षण सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, तेही थोडी वीज खातं. पंपावर आकडे दाखवणारा डिस्प्ले असेल तर तोही खातो. म्हणून ठेवताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायरचा जोड काढून ठेवावा आणि टोकांना चिकटपट्टी लावावी. सेल फार खाली उतरला की आतलं तांबं विरघळायला लागतं. पुढे चार्ज केल्यावर तेच तांबं भलत्या जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो.

अशी बॅटरी चार्जरला लावली की लगेच हिरवा दिवा लागतो. माणूस समजतो भरली. खरं तर बीएमएसने जोड तोडलेला असतो, चार्जरला पुढे काहीच सापडत नाही. मग काही जण बीएमएस टाळून सेलला थेट वीज देतात, ‘झटका देऊन उठवतात’. पंप चालूही होतो. पण अशी बॅटरी घरात रात्रभर चार्जिंगला लावणं म्हणजे विस्तवाशी खेळ आहे.

टिनाच्या शेडात ठेवू नका

एलएफपीला थंडीत अडचण येते ती शून्याच्या खाली चार्ज करताना. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आपला शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये टिनाखाली बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं, आणि उष्णतेत बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून थोडी वर, फळीवर ठेवावी. कुटार, कापूस, डिझेल, कीटकनाशकं यांच्याजवळ नको. उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन आत पुठ्ठा लावावा म्हणजे टोकं पत्र्याला लागत नाहीत. अक्षय्य तृतीयेला एकदा तपासून उतरली असेल तर थोडी चार्ज करावी, आणि मृगाच्या आधी पूर्ण.

चार्जिंग सकाळी किंवा संध्याकाळी, माणूस जागा असताना. उन्हातून आणलेली गरम बॅटरी आधी निवू द्यावी. 45 अंशांच्या वर तापलेली असताना चार्जिंग नकोच.

एलएफपी सहसा भडकत नाही हे खरं, पण आतला द्रव जळणारा आहे आणि फुटल्यावर निघणारा धूर विषारी असतो. फुगली, गोडसर उग्र वास आला, तर मेन स्विच बंद करून जमलं तरच बाहेर मोकळ्यावर न्यावी. टोचू नये, उघडू नये. पेटलीच तर माणसं लांब करून 112 ला फोन लावावा. वाळूने ज्वाळा दबतात, पण सेल आत तापलेलाच राहतो. वीज तोडल्यावर लांबून भरपूर पाणी मारणं जास्त उपयोगाचं.

गेलेली बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. गावपातळीवर दुकानदार हात वर करतात, म्हणून नवी घेतानाच जुनी परत घेणार का हे विचारावं आणि पावती जपून ठेवावी. वॉरंटीसाठीही तीच लागते.