रुग्णवाहिकेतील गुरुकुल

अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश किंवा उष्माघात; प्रसंग कोणताही असो, रुग्णालयाच्या दारापर्यंतचा वेळ निर्णायक ठरतो. हा वेळ ज्यांच्या हाती असतो, ते आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी पुस्तकातून जितके शिकतात, त्याहून अधिक ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून शिकतात. त्यामुळे ज्येष्ठांनी नवख्यांना कसे वागवावे, हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहत नाही.

सेवेचे स्वरूप

राज्यात '१०८' क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक, तर ७०४ प्राथमिक जीवनरक्षक सुविधांच्या होत्या. अनेक राज्यांत रुग्णवाहिकेत तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने मात्र डॉक्टर नेमण्याची पद्धत स्वीकारली. यांत आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांचा भरणा मोठा आहे. चालकाला येथे 'पायलट' म्हणतात.

यातून एक वेगळेच नाते तयार होते. पदवी नव्या डॉक्टरकडे असते, अनुभव मात्र पुष्कळदा जुन्या पायलटकडे. महाल-इतवारीच्या बोळात गाडी कोठवर जाईल, स्ट्रेचर कोठून उचलावे लागेल, 'मेडिकल' जवळ की 'मेयो', हे त्याला तोंडपाठ असते. शहाणा नवखा त्याचे ऐकतो.

पहिले धडे

पहिला धडा गाडी तपासण्याचा. ऑक्सिजनच्या सिलिंडरमधील दाब, सक्शन यंत्र, डिफिब्रिलेटरची बॅटरी, औषधांची मुदत हे सारे पाळी सुरू होतानाच पाहावे लागते. नवख्याला हे हमालीचे काम वाटते. रिकामा सिलिंडर रस्त्यात लक्षात आला, की त्याचे मोल कळते.

दुसरा धडा घटनास्थळाच्या सुरक्षिततेचा. वर्धा मार्गावरील अपघातात धावत सुटणारा नवखा स्वतःच वाहनाखाली येण्याचा धोका असतो. तिसरा धडा हातांचा. प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब देणे वाचायला सोपे आहे. पुतळ्यावर वारंवार सराव केल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.

काही धडे या मातीचे आहेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उष्माघाताच्या रुग्णाचे शरीर ओल्या कापडाने व बर्फाने थंड करणे गाडी रुग्णालयात पोहोचेपर्यंत लांबवता येत नाही. रामटेक-उमरेडकडील सर्पदंशात दोरी आवळणे वा जखम कापणे घातक. अवयव स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेले केंद्र गाठायचे असते.

शेवटचा धडा रुग्ण सोपविण्याचा. वय, काय घडले, नाडी व रक्तदाब, दिलेले उपचार एवढे मोजक्या वाक्यांत सांगता आले पाहिजे. 'कॅज्युअल्टी'तील डॉक्टरला लांबलचक हकिगत ऐकायला सवड नसते.

धाक की विश्वास?

ज्येष्ठांच्या वागण्याची दोन रूपे जगभर दिसतात. नवख्याला चुकांवरून सर्वांसमोर हिणवणे, सगळी कष्टाची कामे त्याच्यावर ढकलणे, 'आम्हीही असेच शिकलो' असे समर्थन करणे, हे पहिले. शिक्षणसंस्थांतील अशा छळाला महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने आळा घातला. मात्र, रुग्णवाहिका म्हणजे महाविद्यालय नव्हे. तेथे ज्येष्ठांचा विवेक हाच मोठा आधार.

दुसरे रूप कडक, पण आपुलकीचे. आदेश मिळाल्यावर तो मोठ्याने उच्चारून खात्री करणे, शंका आल्यास लहानानेही थांबवणे आणि पाळी संपल्यावर काय चुकले ते शांतपणे बोलणे ही त्याची लक्षणे. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास केला. चांगले नेतृत्व असलेल्या तुकड्यांत चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. त्या लपविल्या जात नव्हत्या. धाकाने गप्प बसलेला नवखा औषधाची मात्रा विचारत नाही, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

मृत्यूचे पहिले दर्शनही नवख्याला हादरवते. विशेषतः मूल दगावले, तर अनेकांची झोप उडते. अशा वेळी शेजारी बसून चहा पाजणारा ज्येष्ठ सहकारी नवख्याला सावरतो, कधी सेवेतही टिकवून ठेवतो. आजचा हा नवखाच उद्या कुणाचा तरी ज्येष्ठ होणार असतो. त्याला जसे वागवले गेले, बहुधा तसेच तो पुढच्याला वागवतो.