क्विक ॲक्सेस (फाईल एक्सप्लोरर)

क्विक ॲक्सेस हा मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीतील फाईल एक्सप्लोरर या फाईल व्यवस्थापकाचा एक विभाग आहे. वापरकर्त्याने नुकत्याच उघडलेल्या फायली आणि वारंवार वापरलेले फोल्डर या विभागात आपोआप सुचवले जातात. ही यादी वापरकर्त्याला आपल्या गरजेनुसार बदलता, रिकामी करता किंवा पूर्णपणे बंद करता येते. एकाच संगणकावर अनेकांची कामे होतात अशा ठिकाणी, उदाहरणार्थ सेवा केंद्रे, संगणक प्रशिक्षण वर्ग व शाळांमध्ये, या यादीचा संबंध वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेशी येतो.

इतिहास

अलीकडे उघडलेल्या फायली दाखवण्याची सोय विंडोजमध्ये जुनी आहे. विंडोज ९५ च्या स्टार्ट मेनूतील ‘डॉक्युमेंट्स’ या यादीत शेवटच्या १५ फायली दिसत. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ने ‘जंप लिस्ट’ आणली. तिच्यामुळे टास्कबारवरील प्रत्येक प्रोग्रामच्या चिन्हाखाली त्या प्रोग्रामने अलीकडे उघडलेल्या फायली मिळू लागल्या. २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज १० मध्ये आधीच्या ‘फेव्हरिट्स’ या विभागाची जागा क्विक ॲक्सेसने घेतली आणि फाईल एक्सप्लोरर उघडताच हाच विभाग समोर येऊ लागला. विंडोज ११ च्या २०२२ मधील अद्ययावत आवृत्तीत या पानाला ‘होम’ हे नाव मिळाले. तेथे क्विक ॲक्सेसमध्ये फोल्डर, ‘फेव्हरिट्स’मध्ये वापरकर्त्याने निवडलेल्या फायली आणि ‘रिसेंट’मध्ये अलीकडील फायली अशी विभागणी आहे.

कार्यपद्धती

यादीत दिसणारी फाईल ही मूळ फाईल किंवा तिची प्रत नसते. फाईल उघडली की विंडोज त्या वापरकर्त्याच्या ‘रिसेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटा शॉर्टकट तयार करते. त्यात मूळ फाईलचे नाव व ठिकाण यांची नोंद असते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. यादीतून नाव काढल्याने मूळ फाईल पुसली जात नाही, आणि मूळ फाईल पुसली तरी तिच्या नावाचा शॉर्टकट मागे राहू शकतो.

ही नोंद प्रत्येक वापरकर्ता खात्यासाठी स्वतंत्र असते. एकाच खात्यावर अनेक जण काम करत असतील, तर सर्वांची मिळून एकच यादी तयार होते.

यादीत बदल करण्याच्या पद्धती

फोल्डर पिन करणे: एखाद्या फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून ‘पिन टू क्विक ॲक्सेस’ हा पर्याय निवडल्यास तो फोल्डर यादीत कायम राहतो. ‘अनपिन’ या पर्यायाने तो काढता येतो.

एकेक नोंद काढणे: यादीतील फाईलवर उजवी कळ दाबून ती यादीतून वगळता येते. फाईल आपल्या मूळ जागी तशीच राहते.

सूचना बंद करणे: फाईल एक्सप्लोररमधील ‘ऑप्शन्स’ उघडून ‘जनरल’ या भागात ‘प्रायव्हसी’ हा गट असतो. तेथे अलीकडील फायली आणि वारंवार वापरलेले फोल्डर दाखवण्याच्या पर्यायांपुढील खुणा काढल्यास त्या सूचना दिसणे थांबते.

इतिहास पुसणे: त्याच गटातील ‘क्लिअर’ या बटणाने आतापर्यंतची यादी रिकामी होते. पिन केलेले फोल्डर मात्र टिकून राहतात.

आरंभीचे पान बदलणे: ‘ओपन फाईल एक्सप्लोरर टू’ या पर्यायात ‘धिस पीसी’ निवडल्यास अलीकडील फायलींऐवजी संगणकातील ड्राइव्ह प्रथम दिसतात.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘पर्सनलायझेशन’ व त्याखालील ‘स्टार्ट’ येथे एक सामाईक पर्याय आहे. तो बंद केल्यास स्टार्ट मेनूतील सुचवलेल्या फायली, फाईल एक्सप्लोररमधील अलीकडील फायली आणि जंप लिस्टमधील नोंदी एकदमच थांबतात.

सामाईक संगणक आणि गोपनीयता

महाराष्ट्रात उत्पन्न, जात, अधिवास व नॉन-क्रिमिलेअर यांसारख्या दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांतून ऑनलाइन भरले जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतील ग्रामीण कुटुंबांसाठी असे केंद्र हे शासकीय कामांचे नेहमीचे ठिकाण आहे. प्रवेशाच्या दिवसांत तेथे विद्यार्थ्यांची गर्दी असते, तर खरीप हंगामात कापूस व सोयाबीन उत्पादक शेतकरी सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन येतात. ही कागदपत्रे स्कॅन करून संगणकात साठवली जातात आणि मग संकेतस्थळावर चढवली जातात.

अशा संगणकावर एकच खाते वापरले जात असल्यास पुढील अर्जदाराची फाईल शोधताना आधीच्या अर्जदारांच्या फायलींची नावे पडद्यावर येतात. चित्ररूप फायलींच्या बाबतीत लघुचित्रातून मजकुराचा अंदाजही येऊ शकतो. फाईलला अर्जदाराचे नाव व दाखल्याचा प्रकार दिलेला असेल, तर ती न उघडताही कोणी कशासाठी अर्ज केला हे शेजारी बसलेल्या व्यक्तीला कळते. चुकीची फाईल निवडली जाऊन एकाचे कागदपत्र दुसऱ्याच्या अर्जाला जोडले जाण्याचा धोकाही यातून उद्भवतो.

हा धोका कमी करण्यासाठी अलीकडील फायली दाखवणे बंद ठेवणे, प्रत्येक चालकासाठी वेगळे खाते उघडणे, फाईलला नावाऐवजी अर्ज क्रमांक देणे आणि दररोजच्या कामाचा एकच फोल्डर पिन करणे हे उपाय उपयोगी पडतात. या शेवटच्या उपायामुळे सूचना बंद असूनही कामाचा वेग टिकतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्यांनी वाजवी सुरक्षा उपाय योजावेत अशी तरतूद आहे.

मर्यादा

यादी बंद करणे म्हणजे माहिती नष्ट करणे नव्हे. स्कॅन केलेली फाईल ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये राहिल्यास शोध घेऊन ती कोणालाही सापडू शकते. पुसलेली फाईलही साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जाते. तो रिकामा करावा लागतो. याशिवाय वर्डसारखे प्रोग्राम आपली अलीकडील फायलींची यादी वेगळी ठेवतात आणि ब्राउझर डाउनलोडची नोंद ठेवतो. त्यामुळे फाईल एक्सप्लोररचा इतिहास पुसल्यावरही या नोंदी उरतात.

इतर संचालन प्रणालींमध्ये

ॲपलच्या मॅकओएस प्रणालीतील फाइंडरमध्ये ‘रिसेंट्स’ हा समान विभाग आहे. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपच्या फाईल व्यवस्थापकातही ‘रिसेंट’ हा विभाग असून, ‘प्रायव्हसी’ सेटिंग्जमधून फायलींचा इतिहास बंद करता येतो किंवा तो किती दिवस ठेवायचा हे ठरवता येते. ग्नोममध्ये महत्त्वाच्या फायलींना तारांकित करण्याची सोयही आहे.

हेही पहा

फाईल व्यवस्थापक
मायक्रोसॉफ्ट विंडोज
माहितीची गोपनीयता
बुलढाणा जिल्हा