'व्हॉट्सअ‍ॅप'वर बोलताना मोबाइलचा कॉल हुकतो तेव्हा...

दादर / प्रतिनिधी

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणाऱ्या अनेक रुग्णांचे व त्यांच्या नातलगांचे मुंबईतील मुक्कामाचे ठिकाण म्हणजे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. रुग्णाची खुशाली गावाकडे कळवायची ती व्हिडिओ कॉलवर. रुग्णालयाचा फोन मात्र येणार सिमकार्डाच्या क्रमांकावर. हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क परिसरात ज्यांची मुले परदेशी आहेत, त्या ज्येष्ठांचीही हीच गत. मुलांशी इंटरनेटवरून बोलणे सुरू असताना डॉक्टरांचा वा बँकेचा फोन येतो आणि एक तर चालू कॉल तुटतो, नाही तर नव्या कॉलची रिंगच वाजत नाही. दोष नेमका कुठे आहे हे ओळखता आले, तर बहुतेक वेळा दुरुस्ती घरच्या घरी करता येते.

ध्वनी एक, दावेदार दोन

फोनला संभाषणासाठी एकाच वेळी एकाच कॉलला माइक आणि स्पीकर देता येतो. सिमकार्डावरचा कॉल मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येतो, तर इंटरनेट कॉल एखाद्या अ‍ॅपमार्फत साध्या डेटासारखा प्रवास करतो. पूर्वी अ‍ॅपवर बोलणे चालू आहे, याची फोनच्या मूळ कॉलयंत्रणेला नीटशी दखलच नसे. त्यामुळे मोबाइलचा कॉल मध्येच घुसत असे. अ‍ॅपलने २०१६ मध्ये 'आयओएस १०'मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये 'अँड्रॉइड ८'मध्ये अ‍ॅपचे कॉल या यंत्रणेशी जोडण्याची सोय केली. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१५ पासून ध्वनी कॉल होते. कॉल वेटिंगची सोय मात्र २०१९ च्या अखेरीस आली. फोन किंवा अ‍ॅप जुनेच राहिले असेल, तर हा फायदा मिळत नाही.

कॉल तुटण्याची मुख्य कारणे

पहिले कारण म्हणजे बंद असलेले 'व्होल्टे'. ४जी जाळ्यावरूनच कॉल वाहून नेणारी ही पद्धत. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये याच पद्धतीवर सुरू झाली, तर एअरटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये आपल्या 'व्होल्टे' सेवेचा आरंभ मुंबईतूनच केला. ज्या कंपनीचे २जी जाळेही आहे, तिच्या सिमवर 'व्होल्टे' बंद असेल तर कॉल येताच फोन ४जी सोडून जुन्या जाळ्यावर उतरतो. २जीवर बोलणे आणि डेटा सहसा एकत्र चालत नाहीत. साहजिकच इंटरनेट कॉल गोठतो.

दुसरे कारण दोन सिमकार्डांचे. बहुतांश फोनमध्ये दोन्ही सिम जागी असली, तरी एकावर बोलणे सुरू झाले की दुसरे थांबते. डेटा पहिल्या सिमवर आणि कॉल दुसऱ्या सिमवर, अशी वाटणी असेल तर फोन उचलताच डेटा तुटतो.

तिसरे कारण परवानग्यांचे. बॅटरी वाचविण्यासाठी अँड्रॉइड फोन न वापरलेल्या अ‍ॅपना झोपवतात. अशा अ‍ॅपवरचा कॉल वाजत नाही. नंतर केवळ 'मिस्ड कॉल'ची सूचना दिसते.

आधी चाचणी, मग उपाय

घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने एक साधी चाचणी करावी. आपण वाय-फायवरून इंटरनेट कॉल लावावा आणि तिने आपल्या मोबाइल क्रमांकावर फोन करावा. नंतर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तोच प्रयोग करावा. केवळ डेटावर बिघाड होत असेल, तर दोष 'व्होल्टे' वा सिमच्या वाटणीत शोधावा. दोन्हीकडे होत असेल, तर अ‍ॅपच्या परवानग्या व ध्वनीची सेटिंग तपासावी.

१. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'व्होल्टे' किंवा '४जी कॉलिंग' सुरू करावे.

२. महत्त्वाचे फोन ज्या सिमवर येतात, त्याच सिमवर डेटा ठेवावा. ते शक्य नसल्यास कॉलदरम्यान डेटा दुसऱ्या सिमवर वळविण्याची सोय असेल, तर ती सुरू करावी.

३. कॉल सेटिंगमध्ये 'कॉल वेटिंग' चालू असल्याची खात्री करावी.

४. कॉलच्या अ‍ॅपला माइक व सूचनांची परवानगी द्यावी आणि बॅटरी बचतीतून ते वगळावे.

५. 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू राहिले आहे का, ते पाहावे. ते आवश्यकच असेल, तर रुग्णालय व निकटवर्तीयांचे क्रमांक अपवादात टाकावेत.

६. मोबाइलचा कॉल संपल्यावर इंटरनेट कॉलचा आवाज परतला नाही, तर तो 'होल्ड'वर आहे का ते पाहावे. स्पीकर एकदा सुरू करून बंद करावा किंवा ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडावे.

जुन्या इमारतींच्या जाड भिंतींमुळे आतल्या खोलीत सिग्नल क्षीण होतो. अशा घरांत 'वाय-फाय कॉलिंग' उपयोगी ठरते. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये, तर जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. व्यत्यय नको म्हणून काही जण विमान मोड लावून वाय-फायवर बोलतात. मात्र 'वाय-फाय कॉलिंग' सुरू नसेल, तर त्या काळात मोबाइलचे सारे कॉल बंद राहतात, हे विसरू नये.

सावधगिरी हवीच

दुरुस्तीच्या नावाखाली अनोळखी व्यक्तीने सांगितलेला कोणताही 'स्टार' वा 'हॅश'चा कोड दाबू नये. अशा कोडने आपले कॉल परस्पर दुसऱ्या क्रमांकावर वळविण्याचे प्रकार घडल्याने दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडद्वारे होणारे कॉल फॉरवर्डिंग थांबविण्याचे निर्देश दिले होते.

आणीबाणीत ११२ किंवा रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक फोनच्या मूळ डायलरवरूनच लावावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून तो लागत नाही. इंटरनेट कॉल सुरू असेल, तर तो आधी तोडावा. घरात कोणी आजारी असल्यास रुग्णालयात दोन वेगवेगळ्या व्यक्तींचे क्रमांक नोंदवावेत आणि त्यांपैकी एकाने तरी लांबलचक व्हिडिओ कॉल टाळावेत. सेटिंग कितीही चोख असली, तरी जाळे केव्हाही दगा देऊ शकते; दुसरा फोन वाजता असणे हीच त्यावरची खरी तजवीज.