तबकडीविना उरलेले गाणे

सुरतेच्या पर्वत पाटियाहून कामरेजच्या बाजूस गेल्यावर कठोर हे गाव लागते. पूर्वीच्या बडोदे संस्थानातील या गावी १८६९ साली गायनाचार्य भास्करबुवा बखले जन्मले. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या त्यांनी आत्मसात केली. १९११ साली पुण्यात गायन समाजाची स्थापना केली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ मध्येच सुरू झाले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. १९२२ साली निवर्तलेल्या बुवांची मात्र एकही तबकडी मागे राहिली नाही.

तेव्हा रसिकांनी त्यांचे गाणे शिष्यांच्या तबकड्यांत शोधावे, हे ओघानेच आले. ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) चाली बुवांच्या. त्यातील ‘नाथ हा माझा’ प्रथम बालगंधर्वांच्या आवाजात ऐकावे, मग मास्तर कृष्णरावांचा एखादा राग लावावा, आणि दोहोंत समान काय ते ताडून पाहावे. अवघ्या साडेतीन मिनिटांत आलापीला अवकाश तो किती! तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते बंदिशीची मांडणी बालगंधर्वांकडे पाहावी, तानेची फिरत कृष्णरावांकडे. हे मत सर्वांस मान्य नाही. जाणते संग्राहक लगेच दुसरी तबकडी काढतात, आणि वाद पुन्हा पहिल्या समेवर येतो.