गोधडीचे थर आणि सेफ्टी पिन

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केलेले आहेत. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. जुन्या कागदपत्रांत ह्यांनाच बालाघाट आणि पायनघाट म्हणत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. काळीभोर जमीन आणि तिच्यात कापूस. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून 2,000 फुटांहून उंच. पौषातल्या रात्री इथला वारा काय असतो, ते इथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. ह्या वाऱ्याला गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी एकच उत्तर होते, ते म्हणजे गोधडी.

राजे-सरदारांच्या इतिहासाला आपल्याकडे तोटा नाही. जिजाबाईंचे माहेर सिंदखेड राजा ह्याच जिल्ह्यातले. पण त्या काळी थंडीत माणसे अंगावर काय घेत, ते कसे शिवत, हाही इतिहासच आहे की! फरक एवढाच, की तो दप्तरात सापडत नाही, घरातल्या माळ्यावर सापडतो. तेव्हा आज आपण गोधडीकडे जरा इतिहासाच्या नजरेने पाहू. आणि तिच्यात नव्याने शिरलेल्या एका लहानशा वस्तूकडे, सेफ्टी पिनेकडेही पाहू.

आधी गोधडीचे गणित बघा. नऊवारी लुगडे म्हणजे 9 वार, म्हणजेच 27 फूट. त्याचे चार समान तुकडे केले, तर एकेक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. पन्हा साधारण 4 फूट धरा. म्हणजे एका जीर्ण लुगड्यातून एका माणसाला पुरेल अशा गोधडीचे चार थर निघतात. आपल्या बायकांनी हे गणित कोणत्या शाळेत केले नव्हते. लुगड्याच्या लांबीनेच ते शिकवले. गोधडी हे टाकाऊचे टिकाऊ आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण तिच्या मापामागे असा चोख हिशेब आहे.

आता हे कापड आले कुठून? 1853 साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत आगगाडी भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरला पोहोचली. 1870 साली जलंब ते खामगाव ही आठेक मैलांची फाटा-लाइन खास कापसासाठी घातली गेली, आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा गावी व्हाइसरॉय यावा, ही किमया कापसाची! ह्या रुळांवरून कापूस गाठी बांधून बाहेर गेला आणि त्याच रुळांवरून गिरणीचे कापड परत आले. ते अंगावर विरले, की पुन्हा टाके खाऊन गोधडीत जाई. शेतात उगवलेला कापूस सातासमुद्रांची वारी करून अखेर त्याच शेतकऱ्याच्या अंथरुणात येऊन पडे.

कापडाचे थर एकावर एक घातले, की गोधडी होत नाही. खरी अडचण तिथूनच सुरू होते. थर सरकतात. वरचा थर ताणला जातो, खालचा गोळा होतो, मध्येच चुणी पडते. म्हणून पक्की शिवण घालण्याआधी ते थर तात्पुरते टाचून घ्यावे लागतात. पूर्वीची रीत अशी: सारवलेल्या जमिनीवर खालचे कापड ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर थर लावायचे आणि लांबलांब कच्चे टाके घालत जायचे. मग धावदोरा. तो कडेपासून निघे आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येई. पक्की शिवण झाली, की कच्चा दोरा उसवून टाकायचा. सुया आणि दाभणे आठवडी बाजारात मिळत, किंवा दारोदार फिरणाऱ्या बायांकडून धान्याच्या बदल्यात घेता येत.

ह्या कच्च्या टाक्याची जागा आता पुष्कळ घरी सेफ्टी पिनेने घेतली आहे. ही पिन आली कुठून?

वस्त्र अडकवायचा, स्प्रिंग असलेला काटा युरोपात 3,000 वर्षांपूर्वीपासून होता. ग्रीक आणि रोमन लोक आपली सैल वस्त्रे खांद्यावर अशाच काट्याने अडकवीत. पण आज आपण वापरतो ती पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या माणसाने केली. 10 एप्रिल 1849 रोजी त्याला तिचे पेटंट मिळाले. तारेचा एकच तुकडा. मध्ये त्याला एक वेटोळे, म्हणजे स्प्रिंग झाली. आणि दुसऱ्या टोकाला अणी झाकणारे टोपण. सांगतात, की त्याच्यावर 15 डॉलरचे कर्ज होते, आणि त्या पायी त्याने सगळा हक्क 400 डॉलरला विकून टाकला. पुढे ह्या पिनेवर दुसऱ्यांनी किती पैसा केला असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. ह्याच हंटने त्याआधी शिवणयंत्रही बनवले होते. पण शिवणकामावर जगणाऱ्या बायकांची रोजी जाईल, म्हणून त्याने त्याचे पेटंट घेतले नाही, असेही सांगतात.

आपल्याकडे पिनेची गरज फार काळ भासली नाही, ह्याचे कारण आपल्या पेहरावात आहे. धोतर काय, नऊवारी काय, दोन्ही खोचून आणि कासोटा घालून अंगावर राहतात. त्यांना पिन लागत नाही. पुढे गोल पातळ आले, खांद्यावरचा पदर घसरू लागला, आणि पिन घरात शिरली. मग ती बांगडीला अडकली, मंगळसूत्राला अडकली. पायात काटा मोडला तरी पिन, बटण तुटले तरी पिन! अशी ती हाताशी असल्यावर गोधडीच्या थरांत जायला कितीसा वेळ लागणार?

दुसरेही एक कारण आहे. जुने सुती लुगडे मऊ आणि किंचित खरखरीत असते. थराला थर धरून बसतो. आजच्या गोधडीत पॉलिएस्टरच्या साड्या असतात. त्या गुळगुळीत. टाका घालेपर्यंत थर इकडचा तिकडे होतो. अशा कापडाला पिन फार उपयोगी पडते.

पण पिन कोणती, हे पाहून घ्यावे. हाताला येईल ती पिन गोधडीला चालत नाही. पहिली गोष्ट, धातू. लोखंडी पिनेवर निकेलचा मुलामा असतो. तो झिजला, की गंज चढतो आणि गंजाचा डाग सुती कापडातून सहसा जात नाही. पितळी पिन गंजत नाही, मात्र ओलीत राहिली तर तिच्यावर हिरवट कळकट चढते. पारख सोपी आहे. लोहचुंबक जवळ न्या. पितळेला तो ओढत नाही. दुसरी गोष्ट, जाडी आणि अणी. जाड, बोथट पिन विरलेल्या कापडाला भोक पाडते, आणि ते भोक पुढे फाटत जाते. पिन आधी कडेच्या तुकड्यावर टोचून पाहावी. धागा न ओढता ती आत गेली पाहिजे. तिसरी गोष्ट, लांबी. दोन-तीन थरांना इंचभर लांबीची पिन पुरते. जाड गोधडीला दीड इंची घ्यावी. फार लांब पिन थर धरीत नाही, उलट कापडाला पोक आणते. खास ह्या कामासाठी पाठीत वाकवलेल्या पिनाही मिळतात. त्या जमिनीवर पसरलेल्या कापडातून आत जाऊन सहज वर येतात, बोटांना त्रास कमी. चौथी गोष्ट, वेटोळे. त्यात धागा अडकतो. म्हणून ते दाबून बसलेले असावे.

किती पिना लागतात? आपली गोधडी पावणेसात फूट गुणिले 4 फूट, म्हणजे 27 चौरस फूट. दर सहा इंचांवर एक पिन धरली, तर 108 पिना, बरोबर नऊ डझन. चार बोटांवर, म्हणजे सुमारे तीन-चार इंचांवर लावायच्या म्हटले, तर अडीचशे ते सव्वाचारशेच्या घरात जातात. सुरुवात मध्यापासून करावी आणि चुण्या बाहेरच्या बाजूस सारीत कडेपर्यंत यावे. पुढे धावदोरा कडेकडून आत आणला तरी बिघडत नाही. थर आधीच जागच्या जागी बसलेले असतात.

मग कच्चा दोरा टाकून द्यावा काय? तसे मी म्हणणार नाही. आईच्या किंवा आजीच्या जीर्ण लुगड्याची गोधडी करायची असेल, तर दोराच बरा. त्या कापडात एकेका धाग्याचा जीव उरलेला असतो. बारीक सुईचे भोक ते सोसते, पिनेचे सोसेलच असे नाही. उलट, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला दिव्याखाली तासभर कच्चा दोरा घालत बसायचा आणि मग तोच उसवायचा, हे सांगायलाही आपली जीभ रेटू नये. तिचा तो तास पिनेने वाचतो. आज बायका विकण्यासाठीही गोधड्या शिवतात. त्यांच्या हिशेबात ह्या तासाला मोल आहे. आपण गोधडी विकत घेताना घासाघीस करतो, तेव्हा हा तास आपल्या ध्यानात असावा.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. अंगावरच्या चिंध्यांची त्यांना लाज वाटली नाही, पण घाण त्यांना खपत नसे. गोधडीलाही हाच नियम लावावा. ठिगळाची लाज नको, हयगय मात्र नको. आणि सगळ्यात मोठी हयगय म्हणजे आत राहून गेलेली पिन. गोधडीत पाय पसरून माणूस झोपतो. दुपट्यात तर तान्हे मूल झोपते. ते बोलून दाखवत नाही. म्हणून पिना लावताना मोजाव्यात आणि काढतानाही मोजाव्यात. 108 लावल्या असतील, तर डबीत 108 परत आल्या पाहिजेत. 107 आल्या, तर गोधडीची घडी घालायची नाही. ती पुन्हा पसरायची आणि बोटांनी इंच-इंच चाचपून पाहायची.